खोलीतलं खोलीत

"प्रार्थनेसाठी सांगते हं, बाकी कुणाला बोलू नका." आमच्या चर्चच्या मंडळीत हे वाक्य ऐकलं नाही असं एकही माणूस सापडणार नाही. कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं, कुणाचा मुलगा दारूला लागतो, कुणाच्या रिपोर्टमध्ये काहीतरी निघतं, आणि मग ती गोष्ट रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या अंगणात, तिथून बुधवारी कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या कॉटेज प्रार्थनेत, तिथून महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "एका बहिणीच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा" अशी फिरत राहते, नाव कुणी लिहीत नाही पण नाव सगळ्यांना माहीत असतं. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मी अगदी जबाबदारीनं म्हणते, त्यातल्या बहुतेकजणी रात्री खरंच गुडघे टेकून त्या घरासाठी रडतात. पण जिच्याबद्दल हे चाललेलं असतं ती पुढच्या रविवारी येते आणि चार जणी तिचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवतात, तेव्हा तिला कळायचं ते कळतं. त्यानंतर ती कुणापाशी काही बोलत नाही, कित्येकदा वर्षानुवर्षं बोलत नाही.

हे आधी सांगितलं कारण आमच्याकडे आत्मिक मार्गदर्शक तयार करायचं काम सुरू झाल्यापासून मला सगळ्यात जास्त विचार याच गोष्टीचा करावा लागलाय. स्पिरिच्युअल डायरेक्टर घडवायचे म्हणजे ऐकायचं कसं, प्रश्न कसे विचारायचे, शांत कसं राहायचं हे शिकवायचं असं सगळ्यांना वाटतं, आणि ते शिकवावं लागतंच, पण नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे अर्धी मंडळी एकमेकांची सोयरी आहे, तिथे त्या चार-सहा जणांना शिकवून भागत नाही. अख्ख्या मंडळीला शिकावं लागतं. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, पण ते नीट सांगायचं तर जरा मागून यावं लागेल.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. महिन्यातून साधारण एकदा, तासभर, दोन माणसं बसतात. त्यातलं एक आपल्या प्रार्थनेबद्दल, देवाशी आपलं काय चाललंय किंवा काय चाललेलं नाही त्याबद्दल बोलतं आणि दुसरं ऐकतं, आणि देव या माणसाच्या आयुष्यात कुठे हालचाल करतोय हे त्याचं त्याला दिसावं म्हणून मदत करतं. हे समुपदेशन नाही, पापांगीकार नाही, बायबल स्टडीही नाही. आणि यात नवीन तर काहीच नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात लोक मैलोन्‌मैल चालत एखाद्या अब्बाकडे किंवा अम्माकडे, म्हणजे तिथे एकांतात राहणाऱ्या साधू-साध्वीकडे, जायचे आणि एखादा शब्द मागायचे, पुष्कळदा एवढंच. बायबलमधली शमुवेलाची गोष्ट तर संडे स्कूलपासून आपल्याला पाठ आहे, पण त्या गोष्टीतल्या एली याजकाकडे आपण कधी नीट बघत नाही. रात्री देवाची हाक लहानग्या शमुवेलाला येते, म्हाताऱ्या एलीला काहीच ऐकू येत नाही, पोरगं दोनदा उठून त्याच्याकडे येतं आणि दोन्ही वेळा तो त्याला "मी नाही हाक मारली, जा, झोप" म्हणून परत पाठवतो, तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं की हाक मारणारा कोण आहे. आणि मग तो काय करतो? स्वतः शमुवेलासोबत जाऊन बसत नाही, देव काय म्हणेल त्याचा अंदाज सांगत नाही, पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं तेवढं सांगतो आणि त्याला त्याच्या जागेवर परत पाठवतो. डोळे अधू झालेला, घरात मुलांनी धिंगाणा घातलेला, देवाचा शब्द दुर्मिळ झालेल्या काळातला हा माणूस, आणि तरी आमच्या ट्रेनिंगचा पहिला धडा तोच देतो.

आमचा ग्रुप छोटा आहे. शरणपूरच्या आसपासची जुनी मंडळी, त्यातल्या काही बायका, दोन निवृत्त शिक्षक, एक प्रेसमधून रिटायर झालेले काका, आणि सातपूरला कंपनीत काम करणारी एक तरुण मुलगी जी फर्स्ट शिफ्ट संपवून तशीच येते. शिकवायला एक कॅथलिक सिस्टर येतात, त्यांनी आयुष्यभर इग्नेशियन रिट्रीट, म्हणजे संत इग्नेशियसच्या पद्धतीची एकांतातली साधना, दिलेत. सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या, मंडळीत कॅथलिक सिस्टर शिकवणार म्हटल्यावर सुरुवातीला दोन-तीन भुवया वर गेल्या होत्या, पण सिस्टर पहिल्याच दिवशी मराठी भजन इतकं मोकळेपणानं म्हणाल्या की तो विषय तिथेच संपला.

लोक विचारतात, पुण्या-बंगळुरूला चांगले कोर्स आहेत, तिकडे पाठवा ना दोघांना. पाठवावं, ज्याला जमेल त्यानं जरूर जावं. पण ज्या बाईला बोलायचंय ती राहते पंचवटीत किंवा देवळालीत, ती बसनं किंवा रिक्षानं येणार, तिला मराठीतच बोलायचंय कारण ती रडते मराठीत आणि प्रार्थना करते मराठीत, आणि तिच्यासमोर बसणाऱ्या माणसाला सासू, जाऊ, भिशी, शेतीचा वाद, द्राक्षाच्या बागेवरचं कर्ज, धर्मांतरित घरातला नातेवाइकांचा अबोला, हे सगळं न समजावता कळायला पाहिजे. आणि हे काम महिना-महिना सुट्टी काढून करायचं असतं असा जो समज आहे तो तर साफ चुकीचा. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्याच्या आत्मिक साधनेच्या पुस्तकाला पोपनं मान्यता दिली 1548 साली, त्या पुस्तकाच्या सुरुवातीला ज्या सूचना आहेत त्यातली 19 वी सूचना खास अशा लोकांसाठी आहे ज्यांना कामधंदा सोडून तीस दिवस एकांतात जाता येत नाही, त्यांनी रोज थोडा वेळ काढून घरी राहूनच ही साधना करावी. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या कामकरी माणसाचा विचार त्यानं केला होता, मग आपल्या सातपूरच्या पोरीचा आपण का करू नये?

इग्नेशियसबद्दल आणखी एक गोष्ट मला फार धीर देते. तो स्वतः पाळक, धर्मगुरू वगैरे झाला 1537 मध्ये, पण लोकांना साधना द्यायला त्यानं त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती, साधा माणूस असताना, आणि त्यासाठी अल्कालामध्ये चौकशीला सामोरा गेला, तुरुंगात बसला. म्हणजे दीक्षा नसलेल्या माणसानं दुसऱ्याच्या आत्म्याची सोबत करावी का, हा वाद तेव्हाही होता. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एव्हलिन अंडरहिल ही मोठी लेखिका, तिचा मार्गदर्शक बॅरन फॉन ह्यूगल हाही साधा गृहस्थ माणूस होता, त्यानं तिला प्रार्थनेच्या पुस्तकांबरोबर गरिबांच्या घरी जायलाही सांगितलं. मला हे फार खरं वाटतं. प्रार्थना नुसती डोक्यात चाललेली असेल तर तिला पाय लावून द्यावे लागतात.

आता सरावाबद्दल. तिघातिघांचे गट करतो, एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं, एकानं फक्त बघायचं. बोलणाऱ्यानं खरंच काहीतरी आपलं सांगायचं, नाटक नाही, पण लहानसं. ऐकणाऱ्यानं जे बोललं गेलंय त्यातलंच विचारायचं. सल्ला नाही, वचन नाही, "माझंही असंच झालं होतं" तर अजिबात नाही. आणि मधेच प्रार्थना सुरू करायची नाही. हे शेवटचं आमच्या लोकांना सगळ्यात जड जातं. आपण असेच वाढलोय ना, समोरचा रडायला लागला की आपला हात त्याच्या डोक्याकडे जातो आणि तोंडातून "हे स्वर्गीय पित्या" निघतंच. त्यात प्रेम आहे, शंकाच नाही. पण सिस्टरांनी एकदा विचारलं, ती प्रार्थना तिच्यासाठी होती का तुम्हाला तिचं रडणं बघवत नव्हतं म्हणून होती? खोलीत कुणी काही बोललं नाही. वचनांचंही तसंच. यिर्मया 29:11, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचेच आहेत असं देव म्हणतो ते, सुंदर वचन आहे, मी स्वतः त्याला धरून कितीतरी रात्री काढल्यात, पण पंधराव्या मिनिटाला ते समोरच्याच्या हातात ठेवलं की त्याला वाटतं, झालं, आता माझं बोलणं संपलं, उत्तर मिळालंय, आता उठायला हवं. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर येशूनं त्या दोन शिष्यांना वचनं समजावून सांगितलीच, मोशेपासून सगळे संदेष्टे काढले, पण त्याआधी त्यानं विचारलं की तुम्ही चालता चालता काय बोलताय, आणि सगळं माहीत असूनसुद्धा पुन्हा विचारलं, कोणत्या गोष्टी, आणि त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं.

समजा एक बाई म्हणते, "हल्ली प्रार्थनेत काहीच वाटत नाही मला." (हा प्रसंग मी रचलाय, खरा कुठलाही मी लिहिणार नाही, का ते पुढे येईलच.) आपली पहिली उडी कुठे पडते? "असं नको म्हणू गं, विश्वास ठेव." ट्रेनिंगमध्ये इथे थांबायला शिकवतात. कधीपासून असं वाटतंय? आधी कसं असायचं? त्या दिवसांत घरात काय चाललं होतं? आणि मग थोड्या वेळानं, हे तू देवालाच सांगितलंस का? पुष्कळदा या प्रश्नाला लोक दचकतात, देवाला असं कसं सांगायचं, त्याला राग नाही का येणार. तेव्हा बायबल उघडायला हरकत नाही, स्तोत्र 88 वाचायला हरकत नाही, ते स्तोत्र अंधारावरच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मी आयुष्यभर चर्चमध्ये गेलेय पण हे स्तोत्र उपासनेत वाचलेलं मला आठवत नाही.

इग्नेशियसच्याच सूचनांत 15 वी अशी आहे की साधना देणाऱ्यानं तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, इकडे-तिकडे झुकू नये, आणि निर्माणकर्त्याला त्याच्या लेकराशी थेट वागू द्यावं. ही सूचना नाशिकमध्ये पाळणं विशेष अवघड आहे असं मला वाटतं आणि त्याचं कारण आपल्या मातीत आहे. हे गुरूंचं शहर आहे. गोदाकाठी आपण वाढलो, सिंहस्थ बघितले, गुरूच्या पायाशी बसून त्यानं सांगितलं ते करायचं यात एक खोल सुंदर शरणागती आहे आणि ती आपल्या ख्रिस्ती घरांतही उतरली आहे, उतरणारच. म्हणून मार्गदर्शक म्हणून कुणी बसलं की समोरचा तिसऱ्या भेटीत म्हणतो, "काकी, तुम्ही सांगाल तसं करतो, मुलीला हो म्हणू का नको?" इथे ज्याला उत्तर द्यायचा मोह होत नाही असं माणूस मी पाहिलेलं नाही. क्रूसाचा योहान, सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत आणि स्वतः मोठा मार्गदर्शक, त्यानं तर अशा मार्गदर्शकांवर फार कडक शब्दांत लिहून ठेवलंय, जे आपल्या मापानं दुसऱ्याच्या आत्म्याला ओढतात आणि खरा मार्गदर्शक पवित्र आत्मा आहे हे विसरतात. आणि अविलाची तेरेझा, त्याच काळातली संत, तिचं मत असं की मार्गदर्शक नुसता भक्तिमान असून चालत नाही, शिकलेला पण पाहिजे, अर्धवट शिकलेल्यांनी तिचं फार नुकसान केलं होतं. आमच्याकडे कुणी म्हटलं की आत्मा आहे ना, मग ट्रेनिंग कशाला, की मी तेरेझाचं नाव घेते.

लक्ष्मीबाई टिळक आपल्याच जलालपूरच्या. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं त्या बाईच्या मनात काय काय उलथापालथ झाली, सोवळं, जात, नवऱ्यावरची माया, राग, सगळं तिनं नंतर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. बाहेरून ढकलून हे झालं असतं का? मला नाही वाटत. कुणाच्या आत देव आपल्या वेगानं काम करत असताना बाहेरच्यांनी वाट बघायची, एवढं जरी आमच्या ट्रेनिंगमधून लोक शिकले तरी मी समाधानी असेन.

बरं, आता त्या मूळ मुद्द्याकडे. शरणपूर वसलं ते 1850 च्या दशकात, चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांच्या काळात, इथे वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेली माणसं राहिली, गुलामगिरीतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे शिकली, आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉक्टर लिव्हिंग्स्टन, त्यांचा सोबती जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपापसांत, नगरकडच्या घरांशी, मनमाडशी, मिशनच्या शाळेत सगळे एकत्र. ही आमची श्रीमंती आहे, मयतीला माणसं कमी पडत नाहीत. पण गुप्ततेच्या दृष्टीनं बघितलं तर इथे नाव गाळून काही उपयोगच नाही. मोठ्या शहरातल्या कोर्समध्ये शिकवतात की सुपरव्हिजनला, म्हणजे मार्गदर्शक आपलं काम दुसऱ्या अनुभवी माणसासमोर मांडतो तिथे, केस मांडताना नाव बदला. आमच्याकडे "सातपूरला राहते, नवरा नाइट शिफ्टला असतो, धाकट्याचं लग्न व्हायचंय" एवढं म्हटलं की ग्रुपमधल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच घर येतं.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्यात. नात्यातल्या माणसाला घ्यायचं नाही, आणि नातं म्हणजे जावेच्या भावापर्यंत. शक्यतो आमच्या मंडळीतल्यानं नाशिकरोडच्या माणसाला भेटायचं आणि तिकडच्यानं आमच्याकडच्याला. सुपरव्हिजनला बाहेरचं माणूस, ज्याला आमची घरं माहीत नाहीत, आणि तिथेही समोरच्याची कहाणी सांगायची नाही, ऐकताना आपल्या आत काय झालं ते सांगायचं, कुठे घाई झाली, कुठे राग आला, कुठे कंटाळा आला, कुठे आपलीच जुनी जखम दुखली. पाळकसाहेबांनी आपल्याच मंडळीतल्या माणसाचं मार्गदर्शक व्हायचं नाही, कारण उद्या त्याच माणसाच्या मुलाच्या शाळेच्या नोकरीचा किंवा कमिटीच्या निवडणुकीचा विषय त्यांच्यासमोर येणार. बाई-पुरुष असतील तर दाराला काच असलेली खोली. आणि सगळ्यात आधी, पहिल्याच भेटीत, स्पष्ट सांगायचं की दोन ठिकाणी मी गप्प राहणार नाही, कुणाच्या जिवाला धोका असेल तिथे आणि लहान मुलावर अत्याचार होत असेल तिथे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि तो कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगून काय करू असं कुणी म्हणतंय, तर ती आत्मिक शुष्कता म्हणून बसून ऐकत राहायचं नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जायचं, गरज पडली तर रिक्षा करून सोबत जायचं. औषध आणि प्रार्थना यांचं भांडण लावून कितीतरी घरांत माणसं गेलीत.

पण हे नियम पाळणारे आम्ही मूठभर. बाकीची मंडळी? त्या खोलीतून कोण बाहेर पडलं, डोळे लाल होते का, कितव्यांदा आली, हे अंगणातून दिसतंच. महिला मंडळात यावर मोकळेपणानं बोलणं झालं, मी घाबरत घाबरतच विषय काढला होता, आणि आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ आत्याबाई, ज्यांना सगळ्या घरांची सगळी माहिती असते, त्याच म्हणाल्या की यापुढे ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारायचं, तू सांगू का म्हणून, आणि तो नाही म्हणाला तर आपली खोली आणि आपले गुडघे. ग्रुपवर "एका बहिणीसाठी" हा प्रकार त्यांच्याच सांगण्यावरून बराच कमी झाला. मला वाटतं आमच्या ट्रेनिंगचं सगळ्यात मोठं काम तेच झालं आणि ते करणारी बाई ट्रेनिंगमध्ये नव्हती.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत मात्र वेळ लागला. खोली दिली होती, लाइटबिल मंडळीचं, तेव्हा वर्षाचा रिपोर्ट मागणं साहजिक होतं, किती लोक आले, कोणत्या वयाचे, काय फायदा झाला. आम्ही म्हटलं, शिकणाऱ्यांचा हिशेब देतो, सत्रं किती झाली, सुपरव्हिजन किती झालं, सगळं देतो, येणाऱ्यांचा आकडासुद्धा देणार नाही, कारण आकडा कळला की माणसं मोजायला सुरुवात होते. खजिनदारांना ते पटेना, त्यांचंही बरोबर होतं, पैसा लोकांच्या दानाचा. बराच वेळ बोलणं झालं, आवाज थोडे चढले. शेवटी कमिटीतले एक वडीलधारे म्हणाले की माझ्या घरातलं कुणी तिथे जातं का हे मला माहीत नाही आणि ते मला माहीत नाही हेच मला बरं वाटतंय, खोली राहू द्या. तसा ठराव झाला.

पुढचा गट ईस्टरआधीचा उपासकाळ संपल्यावर सुरू करतोय. या वेळी पुरुष हवेत, विशेषतः चाळिशी-पन्नाशीचे, कारण आमच्या मंडळीत पुरुष फक्त मयतीच्या वेळी रडतात आणि तेही पाठ फिरवून, त्यांना बोलायला दुसरा पुरुषच लागेल. शनिवारी दुपारी तीन ते सहा ठेवलंय, म्हणजे फर्स्ट शिफ्टवाल्यांना पण जमेल, आणि ज्याची सेकंड शिफ्ट असेल त्याच्यासाठी सिस्टर रविवारी उपासनेनंतर थांबायला तयार आहेत.